सबब लेख परत

बोराटे सरांना प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक हटकून विचारतात, मग तुम्ही त्यांना संपादक केलंच कसं? आम्ही केलं नाही. ते झाले. आम्ही त्यांना फक्त टायपिंगसाठी बोलावलं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि नाळे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नाळे बारामतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा आणि मी तिथंच लॅबमध्ये सहायक होते. गावात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि सगळ्या क्लासांतली पोरं नेमकी त्याच त्या ठिकाणी अडकत होती. शिकवणारेही अडकत होते, पण ते कबूल करत नसत. मग नाळेच्या डोक्यात आलं की आपण मराठीतून एक वेबसाइट काढू. ज्याला प्रोग्राममध्ये काही अडलं आणि ज्यानं ते सोडवलं, त्यानं त्यावर लेख लिहून पाठवायचा, म्हणजे पुढच्याला त्याच जागी डोकं आपटावं लागणार नाही. नाव ठेवलं 'अडलं का?'.

आता त्या काळात इंटरनेट जोडायचं तर फोन पुण्याला लावावा लागे. तो लागायचा नाही, लागला तर टिकायचा नाही, आणि टिकलाच तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती चांदणी-टिंबं दिसायची. त्यामुळे आमची वेबसाइट खरी वाचली जायची ती कागदावर. आम्ही पानं छापून बारामतीच्या आणि इंदापूरच्या क्लासांना एसटीनं पाठवत असू आणि तिथं ती फळ्याशेजारी डकवली जात. हसू नका. वेबसाइट भिंतीवर वाचणारी एक पिढी होऊन गेली आहे.

लेखही कागदावरच यायचे. ज्यांच्या घरी मशीन होतं ते फ्लॉपी आणून द्यायचे, पण असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे फुलस्केपवर, हातानं लिहिलेले. ते टाइप कोण करणार? नाळेला दोन बोटांनी टाइप करायची सवय, आणि मला वेळ नव्हता. मी मराठी टायपिंग बोराटे सरांकडे शिकले होते, म्हणून मीच म्हटलं, सरांना विचारू. तेव्हा मला वाटलं होतं की मी सरांवर उपकार करते आहे, कारण कॉम्प्युटर आल्यापासून त्यांच्या टायपिंग क्लासला पोरं येईनाशी झाली होती. किती शहाणी होते मी.

सरांचा क्लास एसटी स्टँडच्या मागं, सायकलच्या दुकानावर. त्याआधी सर वीसेक वर्षं इंदापूरला तहसील कचेरीच्या बाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज टाइप करायचे. त्यामुळे त्यांची बोली एक आणि लेखी भाषा दुसरीच. तोंडानं बोलायचे ते पक्कं इंदापूरकडचं, 'हाय' आणि 'न्हाय'. पण कागदावर हात ठेवला की लगेच 'उपरोक्त विषयान्वये', 'सबब' आणि 'तूर्त'. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची लाकडी पट्टी. ती कशाला, असं पहिल्यांदा बघणारा विचारायचा. थोड्या वेळानं त्याला कळायचंच. सर समोरच्या कुठल्याही छापील कागदाला ती पट्टी लावायचे. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गेले, तर त्यांनी पत्रिका उघडली, पट्टी काढली, डावीकडं लावली, उजवीकडं लावली, आणि म्हणाले की उजवा समास पार मेलाय. मग नवऱ्याचं नाव विचारलं. एकदा स्टँडवर गाड्यांचं नवं वेळापत्रक लागलं होतं, ते त्यांनी पट्टीनं मोजलं आणि आत जाऊन कंट्रोलरला सांगितलं की वालचंदनगरची गाडी अर्धा इंच आत सरकली आहे. कंट्रोलरनं ती गाडी रद्द झाल्याचं समजून खिडकीतून तसं ओरडूनही टाकलं. पुढचा घोळ सांगत नाही.

तर असे सर आमच्याकडे आले. लॅबमधलं सगळ्यात जुनं, पिवळ्या अक्षरांचं मशीन त्यांना दिलं, कारण नवं द्यायला नाळेचा जीव होत नव्हता. पहिल्या आठवड्यात त्यांनी गुपचूप टाइप केलं. दुसऱ्या आठवड्यात मी लॅबमध्ये शिरले तर दाराला कागद चिकटवलेला: 'तमाम लेखकांस कळविण्यात येते की...'

ते होते लेख लिहिण्याचे नियम. आम्ही सांगितले नव्हते, कुणी मागितले नव्हते. मथळ्यात लेखकाने स्वतःची हुशारी सांगू नये, वाचणाऱ्याची अडचण सांगावी. यंत्राने जी चूक पडद्यावर दाखविली ती जशीच्या तशी उतरवून घ्यावी, 'काहीतरी एरर आली' असे मोघम लिहिणाराचा लेख वाचला जाणार नाही. प्रोग्राम मजकुरापासून वेगळा, पाच घरे आत सरकवून लिहावा. एका लेखात एकच अडचण असावी. जे स्वतःच्या हाताने करून पाहिले नाही ते लिहू नये. आणि 'हे अगदी सोपे आहे' हे शब्द कोणीही, कोणत्याही कारणास्तव वापरू नयेत.

नाळेला हे शेवटचं फार लागलं. त्याच्या प्रत्येक लेखाची सुरुवातच त्या शब्दांनी व्हायची. तो सरांशी वाद घालायला गेला. सर म्हणाले, "सोपं असतं तर तो इचारायला आला असता व्हय? तुमी सोपं म्हनला की त्येला वाटतंय आपुनच येडे." नाळे परत आला, त्यानं आपले जुने चार लेख काढले आणि ते शब्द खोडत बसला.

नियम झाले, मग शिक्के आले. सरांनी गावातून रबरी शिक्के करून आणले. 'परत'. 'परत – समास अपुरा'. 'परत – अडचण स्पष्ट नाही'. एक 'योग्य' असाही होता, पण त्याचं रबर शेवटपर्यंत नव्यासारखं राहिलं. परत जाणाऱ्या प्रत्येक कागदाखाली सरांचं टिपण: काय चुकलं, कुठं चुकलं, आणि शेवटी, 'सबब लेख परत'. लेखक वैतागायचे. इंदापूरच्या एका क्लासच्या मालकानं तर मला फोन करून सांगितलं की ताई, आमच्या जमिनीची फेरफार नोंद याहून लवकर झाली होती.

पण सर लेख तपासायचे कसे, त्यांना येत तर काहीच नव्हतं? तिथंच तर गंमत आहे. ते लेखातला प्रोग्राम कागदावर बघून, अक्षर न् अक्षर, जसाच्या तसा टाइप करायचे आणि चालवायचे. लेखक म्हणाला तसं पडद्यावर आलं, तर लेख योग्य. नाही आलं, तर परत. नाळे एकदा म्हणाला, सर, तुम्हाला प्रोग्राम कळत नाही, मग तुम्ही पास-नापास ठरवणार कसं? सर म्हणाले, मला कळत न्हाय म्हनून तर मी ठरवनार. मला येत असतं तर मी मधल्या गाळलेल्या पायऱ्या मनानं भरून काढल्या असत्या. आज मी ज्या कंपनीत आहे तिथं या कामाला वेगळा विभाग आहे आणि त्याला भारी इंग्रजी नाव आहे. करतात तेच.

या पद्धतीचा एक नमुना सांगते. नरसिंहपूरच्या देवळातल्या पुजाऱ्यांचा मुलगा बारामतीला शिकत होता. त्यानं सम-विषम आकडे ओळखणारा प्रोग्राम पाठवला. वर, अगदी पहिल्या ओळीत, नेहमीच्या सवयीनं '॥ श्री लक्ष्मीनृसिंह प्रसन्न ॥'. आता कागद म्हटला की वर देवाचं नाव येणारच, त्यात त्या पोराचं काय चुकलं? पण सरांचा नियम अक्षर न् अक्षर. त्यांनी ते इंग्रजी लिपीत इमानेइतबारे टाइप केलं आणि प्रोग्राम चालवला. मशीननं पहिल्याच ओळीवर चूक दाखवली. सरांनी टिपण लिहिलं: 'यंत्र पहिल्या ओळीतील देवतेस मान्यता देत नाही. सबब लेख परत.'

तिसऱ्या दिवशी पुजारीबुवा स्वतः बारामतीला हजर. आमच्या दैवताला मान्यता न देणारं हे यंत्र कोण, असा त्यांचा प्रश्न होता. मी घाबरले. नाळे बाथरूमला गेला तो आलाच नाही. सरांनी मात्र बुवांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि नाळेनं त्यांना कधीतरी शिकवलेली एकच गोष्ट समजावून सांगितली. बेसिक या प्रोग्राम लिहायच्या भाषेत ओळीच्या आधी 'रेम' असं लिहिलं की मशीन त्या ओळीकडं बघत नाही, ती फक्त माणसांसाठी असते. सर म्हणाले, "बुवा, द्येवाचं नाव रेमच्या मागं ठिवायचं. यंत्र तिकडं बघत न्हाय. मानसानं बघावं." बुवांनी विचार केला आणि हे त्यांना पटलं. उलट त्यांना ते जरा मानाचंच वाटलं असावं. त्या दिवसापासून नियमांत भर पडली, की देवाचे नाव व अभिवादन रेमच्या मागे लिहावे. लेख लागला. नरसिंहपूरहून खोबऱ्याचा प्रसाद आला, तो नाळेनं खाल्ला.

इतकं सगळं करून सरांच्या मनात एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी मला एकदाच सांगितली. छापलेली पानं पाकिटात भरत होतो. प्रत्येक लेखाखाली लेखकाचं नाव आणि गाव असायचं. सर ती नावं वाचत होते. मग पाकिटाकडं बघतच म्हणाले, "शैला, एक लेख माझ्या नावानं लागला पायजे बग. एकच. जनमभर दुसऱ्यांचं टाइप केलं. खाली सही त्येंची." मी म्हटलं, मग लिहा की सर, तुम्हाला कोण अडवणार? तर म्हणाले, नियम अडवतोय. जे स्वतःच्या हातानं केलं न्हाय ते लिहायचं न्हाय. आनि करून बगितलंय मी. माझ्या हाताला ते न्हाय. मी आणखी विचारलं तर त्यांनी पाकिटं मोजायला घेतली.

मला वाईट वाटलं, पण किती? आपल्याला म्हाताऱ्या माणसांच्या इच्छांचं जितपत वाईट वाटतं तितकंच. संध्याकाळपर्यंत विसरले.

अशात प्रज्ञा साबळेचा लेख आला. ती पळसदेवची. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, आणि ती इंदापूरच्या एका क्लासात शिकवायची. त्या क्लासच्या मालकानं व्हायरसच्या धास्तीनं फ्लॉपी आत आणायला आणि बाहेर न्यायला बंदी केली होती, म्हणून लेख कागदावर. पण कागद कसला! मथळा अडचणीचाच: 'पाढा छापताना आकडे एकाखाली एक येत नाहीत'. प्रोग्राम बरोबर पाच घरं आत. समास आखलेला. आणि प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत, रेमच्या मागं, 'जय भीम'. सरांनी तो कागद उजेडात धरला, पट्टी लावली आणि पट्टी परत खिशात ठेवली. मग मला म्हणाले की ह्या पोरीनं नियम वाचलेत. नियम वाचलेला लेखक त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यातून विषयही आकडे सरळ रेषेत आणायचा, म्हणजे सरांच्या अगदी जिवाभावाचा. 'योग्य'चा शिक्का त्यांनी आधीच काढून टेबलावर ठेवला.

मग त्यांनी प्रोग्राम टाइप केला आणि चालवला. सतराचा पाढा यायला हवा होता, दहा ओळी. पडद्यावर आलं एक शून्य. एकच, आणि तेही एकटं.

सरांनी टाइप केलेलं कागदाशी ताडून बघितलं. अक्षर न् अक्षर तेच. पुन्हा चालवलं. पुन्हा शून्य. त्या दिवशी ते जेवायला गेले नाहीत. शेवटी टिपण लिहिलं: 'पाढ्याऐवजी यंत्र केवळ शून्य दाखविते. सबब लेख परत.' 'योग्य'चा शिक्का टेबलावरून उचलून त्यांनी परत जागेवर ठेवला.

आठवड्यानं लेख परत आला, सोबत प्रज्ञाची चिठ्ठी. मी चार वेळा चालवून पाहिला, पाढा बरोबर येतो, कृपया पुन्हा पाहावे. सरांनी पुन्हा टाइप केला. शून्य. पुन्हा परत. आता मला कुणी विचारेल, की बाई, तुम्ही लॅबमध्ये होता, तुमचा तो नाळे प्राध्यापक होता, तुमच्यापैकी एकानंही खुर्ची ओढून तो प्रोग्राम का बघितला नाही? तर नाही बघितला. सरांच्या बोटातून चूक होईल असं आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, इंदापूरच्या एका पोरीचं चुकलं असेल, असं म्हणणं आम्हाला सोयीचं होतं. याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या वेळी प्रज्ञा स्वतःच एसटीनं आली. चांगलीच तापलेली होती, पण बोलायला अदबीची. सरांना म्हणाली, "सर, तुमी माझ्यासमोर टाइप करा. मी नुसती बघते." सर म्हणाले, जरूर, आणि बसले.

सर टाइप करताना कीबोर्डकडं बघायचे नाहीत. मान कागदाकडं, पाठ ताठ, आणि बोटं आपली आपण धावायची. आम्ही सगळे त्या बोटांकडं कौतुकानं बघायचो, म्हणजे वेगाकडं बघायचो. प्रज्ञा बोटं कुठं पडतात ते बघत होती. तिसऱ्या ओळीवर ती म्हणाली, "थांबा सर. आत्ता तुमी एक कुठला दाबला?"

सरांना प्रश्नच कळला नाही. एक म्हणजे एक. त्यांनी पुन्हा दाबून दाखवला. उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट, मधल्या ओळीवर.

मी पुढं झाले. ते 'एल' होतं. इंग्रजी धाकटं एल.

आता हे ज्यांनी जुनं इंग्रजी टाइपरायटर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या मशीनवर वरच्या ओळीतले आकडे दोनपासून सुरू व्हायचे. एकाचं बटणच नसायचं. एक पाहिजे तर धाकटं एल दाबायचं, कागदावर दोन्ही काठ्याच, कुणाला फरक कळणार? सरांनी तीस वर्षं, हजारो इंग्रजी अर्जांवर, एलच दाबला होता. त्यांच्या लेखी एक तिथंच राहायचा. मी मराठी टायपिंग शिकले, म्हणून मला याची खबर नव्हती, आणि आमच्या त्या जुन्या पिवळ्या पडद्यावर दोन्ही काठ्या सारख्याच दिसायच्या. पण मशीनला त्या सारख्या नव्हत्या. मशीनला वाटायचं, एल हे आकडा ठेवायच्या एका खोक्याचं नाव आहे आणि खोक्यात काही ठेवलेलं नाही, म्हणजे शून्य. सतरा गेले, एक गेला, दहा गेले. उरलं ते शून्य.

मग नाळेनं हळूच फाईल काढली. हातानं लिहून आलेले आणि लागलेले लेख चाळले. एकाही प्रोग्राममध्ये एक हा आकडा नव्हता. नरसिंहपूरच्या सम-विषमातसुद्धा दोन आणि शून्यच. ज्या ज्या कागदावर एक होता, ते सगळे 'प्रोग्राम चालत नाही' म्हणून परत गेले होते. असे सात जण होते. फ्लॉपी आणणाऱ्यांचं काही बिघडलं नव्हतं, कारण त्यांचं सर टाइप करतच नव्हते. म्हणजे ज्यांच्या घरी मशीन नाही, नेमके तेच लोक आम्ही घालवून दिले होते. हे कळलं तेव्हा सरांनी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली, उगाचच, आणि तिच्याकडं बघत बसले. मग प्रज्ञाला म्हणाले की बाई, तुमचं बरोबर होतं. बाहेरून लेख पाठवणाऱ्या कुणाला त्यांनी पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं.

त्यानंतर सर दहा-बारा दिवस आले नाहीत. शिक्के टेबलावर तसेच. नाळे म्हणाला, आपण सातही लेख गुपचूप दुरुस्त करून लावू आणि खाली लिहू, 'तांत्रिक कारणास्तव विलंब'. मला ते पटलं. सरांची लाज राखली जाईल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. मी तसं सांगायला त्यांच्या क्लासवर गेले. सर टाइपरायटरवर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तांत्रिक कारन म्हंजे कोन? त्येचं गाव कुठलं?"

मग त्यांनी मशीनमधून कागद ओढून माझ्या हातात दिला. तो लेख होता. मथळा: 'प्रोग्राम बरोबर असूनही यंत्र शून्य दाखविते'. खाली अडचण, पडद्यावर काय दिसतं, का दिसतं, आणि उपाय, सगळं नियमात. जुन्या टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर आलेल्या प्रत्येक माणसानं वाचावं असं. शेवटी लिहिलं होतं: 'सदर चूक खाली सही करणाराने स्वतःच्या हाताने केलेली आहे. याच चुकीमुळे त्याने गुप्तपणे केलेला स्वतःचा पहिला प्रोग्राम, ज्यात स्वतःचे नाव दहा वेळा छापावयाचे होते, एकदाच छापून थांबला, व आपल्या हाताला ही विद्या नाही असा समज त्याने करून घेतला.' मी ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांच्या आलं नाही. ते म्हणाले, उजवा समास बघ, बरा हाय का?

आता प्रश्न असा, की या लेखावर शिक्का कोण मारणार? स्वतःच्या लेखावर स्वतः मारायचा नाही, हे सरांनी ताबडतोब ठरवलं. नाळेनं मारायचा नाही, तो भिडस्त आहे. लेख इंदापूरला प्रज्ञाकडे पाठवला, सोबत 'योग्य' आणि 'परत' असे दोन्ही शिक्के आणि पॅड, रुमालात बांधून, एसटीनं. मी म्हटलं, चला, सरांची इच्छा पुरी झाली.

चौथ्या दिवशी रुमाल परत आला. लेखावर शिक्का होता 'परत'. खाली प्रज्ञाचं अक्षर: 'चूक कोणी केली ते लिहिले आहे. ती कोणाला भोवली ते लिहिलेले नाही. सबब लेख परत.'

नाळे भडकला. एवढ्या मोठ्या माणसाचा लेख, त्यानं स्वतःहून कबुली दिलेली, आणि ही कालची पोर परत पाठवते? मलाही राग आला. सरांनी मात्र टिपण दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं लेख लागलाच. म्हणाले, "बरोबर हाय तिचं. मी असतो तर मीबी परतच केला असता."

मग सर निघाले. सात जणांची नावं आणि गावं एका कागदावर टाइप करून, एकामागून एक. कुणी निमगावला, कुणी भिगवणला, एक जण पार नरसिंहपूरच्या पलीकडं. प्रत्येकाकडं जायचं, त्याचा प्रोग्राम पुन्हा टाइप करून आणलेला दाखवायचा, आणि सांगायचं की तुमचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. भिगवणचा माणूस म्हणाला, अहो सर, मी तर ते केव्हाच विसरलो. सर म्हणाले, विसरला असाल, पण सोडून दिलं का न्हाय? तो म्हणाला, व्हय, सोडून दिलं. मला येत न्हाय असंच वाटलं. सरांनी त्याच्याकडून नवा लेख लिहून देण्याचं कबूल करून घेतलं, तेव्हाच उठले. प्रज्ञाकडं शेवटी गेले.

सातही नावं घालून लेख पुन्हा पाठवला. या वेळी 'योग्य'चा शिक्का बसला, इतका जोरात की शाई पाठीमागं उमटली. पान छापून सगळ्या क्लासांना गेलं. लेखाखाली नाव आणि गाव होतं. सरांनी एक प्रत मागून घेतली, घडी केली नाही, तशीच सपाट धरून घरी नेली.

पुढच्याच वर्षी मी लग्नानंतर पुण्याला आले आणि 'अडलं का?'ही हळूहळू बंद पडलं. त्याआधी, बारामती सोडायच्या आठवड्यात, काही कागद द्यायला मी इंदापूरला प्रज्ञाच्या क्लासात गेले. पायऱ्या चढून दारात आले तर सर आत मशीनवर बसले होते आणि प्रज्ञा त्यांच्या खुर्चीमागं उभी होती. सर मान खाली घालून कीबोर्ड बघत एकेक बटण शोधत होते, पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखे. पडद्यावर त्यांचं नाव एकाखाली एक उमटलेलं होतं. त्यांनी पडद्याला बोट लावून ती नावं मोजली. दहा भरली. वरून खाली मोजून झाल्यावर खालून वर मोजली. तेव्हाही दहाच. माझ्याकडं त्यांचं लक्ष गेलं नाही आणि मीही हाक मारली नाही.

मग सर प्रज्ञाला म्हणाले, "आता अकरा करून बघू," आणि त्यांचं बोट मधल्या ओळीवर गेलं, तिथं थांबलं, वर सरकलं आणि एकावर दोनदा पडलं.